पडदा सहा मजली, हिंमत अर्ध्या मजल्याची

"सारखं त्या टॅबवर बसलेला असतो, जरा काहीतरी एज्युकेशनल दाखव त्याला," असं ताईने फर्मान काढलं. म्हणून गेल्या शनिवारी भाच्याला घेऊन डायनासोरचा सिनेमा बघायला गेलो. घुमटासारखा गोल पडदा, मान मागे टाकून बसायच्या खुर्च्या आणि छातीत धडधड होईल असा आवाज. सगळा मिळून चाळीस मिनिटांचा मामला. टी-रेक्स अंगावर धावून आला तेव्हा भाच्याने माझा दंड असा काही आवळला की अजून दुखतोय. थोडक्यात, पैसे वसूल.

बाहेर आल्यावर पॉपकॉर्नचा तळ खरवडत पठ्ठ्याने विचारलं, "मामा, पण तो हिरवा होता हे त्यांना कसं कळलं?"

"शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय रे."

"कशावरून?"

"हाडांवरून."

"पण हाडं तर पांढरी असतात ना?"

घ्या! बी.ई. कंप्युटर, सहा वर्षांचा अनुभव, आणि दुसरीतल्या पोराने तीन प्रश्नांत क्लीन बोल्ड. आइस्क्रीम खाऊ घालून विषय बदलला. (मामा लोकांचं हे जुनं हत्यार.)

घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून शोधत बसलो. आणि गंमत म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे! काही जीवाश्मांमध्ये पिसांचे ठसे टिकून राहतात आणि त्या पिसांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात, मेलॅनोसोम म्हणतात त्यांना. लांबट असतील तर साधारण काळसर, गोलसर असतील तर तांबूस. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांचा आकार बघायचा आणि आजच्या पक्ष्यांच्या पिसांशी ताडून पाहायचा. २०१० मध्ये याच रीतीने सायनोसॉरॉप्टेरिक्स नावाच्या एका चिनी डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते, असा निष्कर्ष निघाला. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराच्या शेपटीचा रंग! टी-रेक्सच्या बाबतीत मात्र असा काही पुरावा हाती नाही. म्हणजे पडद्यावरचा तो हिरवा रंग कुणा ॲनिमेटरने निवडलेला. त्याची डरकाळीही तशीच.

म्हणजे बघा, सिनेमाकडे सांगण्यासारख्या दोन खऱ्या गोष्टी होत्या. "अमक्याचा रंग आम्हाला माहीत आहे, आणि तो असा कळला" ही पहिली. "याचा माहीत नाही, हा आमचा अंदाज" ही दुसरी. दोन्ही डरकाळीपेक्षा भारी. सिनेमाने दोन्ही सांगितल्या नाहीत. चाळीस मिनिटं तो फक्त "बघा, केवढा मोठा!" एवढंच ओरडत राहिला.

तर या पोस्टचा मुद्दा असा की या महाकाय पडद्यावरच्या माहितीपटांवर माझा राग आहे. आणि राग आहे कारण प्रेम आहे. मी चौथीत असताना शाळेच्या सहलीत वडाळ्याच्या घुमटात गेलो होतो. २००१ मध्ये सुरू झालेलं ते आयमॅक्स म्हणजे आमच्या पिढीच्या मुंबई-पुण्याच्या पोरांसाठी अर्धं अंतराळच होतं. काय बघितलं ते धड आठवत नाही, पण पोटात आलेला गोळा आठवतो. पुढे इंजिनिअरिंगला जावंसं वाटण्यात त्या गोळ्याचा वाटा आहे असं मी आजही मानतो. नंतर त्याच घुमटावर हिंदी-इंग्रजी मसालापट लागायला लागले, ते सोडा.

आणि या सिनेमांमागचं तंत्र तर नादखुळा! अस्सल आयमॅक्सची फिल्म ७० मिलिमीटर रुंद, आणि ती प्रोजेक्टरमधून उभी न जाता आडवी धावते. एका चौकटीला पंधरा छिद्रं. सेकंदाला २४ चौकटी म्हटलं की मिनिटाला शंभर मीटरहून जास्त फिल्म सरकते. चाळीस मिनिटांचा सिनेमा म्हणजे चार किलोमीटर फिल्म. २००९ च्या मे महिन्यात ॲटलांटिस यान हबल दुर्बिणीच्या शेवटच्या दुरुस्तीला गेलं तेव्हा त्याच्या मालवाहू भागात आयमॅक्सचा थ्रीडी कॅमेरा बसवला होता. त्यात जवळजवळ एक मैल फिल्म होती आणि तेवढ्यात चित्रीकरण व्हायचं फक्त आठ मिनिटांचं! अख्ख्या मोहिमेत मिळून आठ मिनिटं, रीळ बदलायची सोय नाही. कुठली आठ मिनिटं टिपायची हे आधीच ठरवून ठेवायचं. त्यातून २०१० चा 'हबल थ्रीडी' उभा राहिला. असली मेहनत बघितली की हात आपोआप जोडले जातात.

मग एवढी मेहनत करणारी माणसं "हे आम्हाला कसं कळलं" हे एक वाक्य बोलायला का कचरतात?

माझा मित्र (हाही आयटीवालाच, दुसरं कोण भेटणार) म्हणाला, "अरे, चाळीस मिनिटांचा सिनेमा आहे तो, पीएचडीचा प्रबंध नाही. वेळ कुठे असतो?" ऐकायला बरोबर वाटतं, पण नाहीये. वेळ असतो. पुरावा म्हणून एकच सिनेमा पुढे करतो: २००३ चा 'व्होल्कॅनोज ऑफ द डीप सी'. दिग्दर्शक स्टीफन लो.

या सिनेमाची सुरुवात एका कोड्याने होते. स्पेनमधल्या जुन्या खडकांत षट्कोनी जाळीसारखी एक नक्षी सापडते, मधमाश्यांच्या पोळ्याची आठवण व्हावी अशी. तिचं नाव पॅलिओडिक्टियॉन. खडक सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे. करणारा प्राणी कोण, पत्ता नाही. आणि मग अटलांटिक महासागराच्या तळाशी, साडेतीन किलोमीटर खोल, चिखलात तशाच ठिपक्यांची नक्षी दिसते. ताजी! म्हणजे पाच कोटी वर्षांपूर्वीचा तो कारागीर अजून जिवंत असावा. मग ॲल्विन नावाच्या तीन माणसांच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ खाली जातात. वाटेत समुद्रतळाची ती गरम पाण्याची धुराडी दिसतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ असे झरे पहिल्यांदा सापडले. तिथे सूर्यप्रकाशाचा एक कण पोचत नाही, तरी तोंड नसलेले, आतडी नसलेले माणसाहून उंच नळीकिडे मजेत जगतात, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर अन्न शिजवतात. शेवटी ते षट्कोनी नक्षीपाशी पोचतात, पाण्याच्या झोताने वरचा गाळ अलगद उडवतात, आणि खाली बोगद्यांचं तेच जाळं निघतं. हुबेहूब स्पेनच्या खडकातलं.

आणि प्राणी? सापडत नाही. घर आहे, मालक नाही. सिनेमा तसाच संपतो.

सांगा आता, हे कंटाळवाणं आहे का? यात दावा आहे, पुरावा आहे, तपासणी आहे आणि शेवटी "माहीत नाही" म्हणायचा प्रामाणिकपणाही आहे. सगळं चाळीस मिनिटांत बसलं. तेव्हा वेळ नसतो वगैरे थापा नकोत.

पण या सिनेमाचं पुढे जे झालं त्याने माझं डोकं खरं फिरलं.

मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या, मुख्यतः दक्षिणेकडच्या, डझनभर आयमॅक्स थिएटरांनी असले सिनेमे लावायला नकार दिला आहे. आणि यातली काही थिएटरं चक्क विज्ञान केंद्रांमधली! कारण काय? उत्क्रांतीचा उल्लेख. 'व्होल्कॅनोज'मध्ये समुद्रतळाच्या सूक्ष्मजीवांचा आणि माणसाचा डीएनए नात्यातला आहे, जीवसृष्टीची सुरुवात अशाच ठिकाणी झाली असू शकेल, असं थोडंसं आहे. तेवढं पुरलं. 'गॅलापागोस' आणि 'कॉस्मिक व्हॉयेज' हे सिनेमेही याच कारणाने काहींना नको झाले. विश्व कसं जन्मलं, पृथ्वी किती जुनी, हेही बोलायची चोरी.

टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या विज्ञान आणि इतिहास संग्रहालयाने तर रीतसर चाचणी घेतली होती. नमुना प्रेक्षकांना सिनेमा दाखवला, फॉर्म भरून घेतले. १३७ जण. कित्येकांना आवडला. पण काहींनी लिहिलं की ही देवाची निंदा आहे. झालं. संग्रहालयाने सिनेमा लावायचा नाही असं ठरवलं.

इथे कुणी बंदी घातली नाही. कोर्ट नाही, मंत्री नाही, मोर्चा नाही, काचा फोडणारे कार्यकर्ते नाहीत. फक्त एक मार्केटिंग विभाग, थोडे फॉर्म आणि "उगाच कशाला वाद" ही भावना. वैज्ञानिक सत्याचा निकाल फीडबॅक फॉर्मवर लागला.

आणि हिशोब बघा. असल्या सिनेमाला मुळात थिएटरं मोजकी. त्यातली डझनभर गळाली तर निर्मात्याला थेट खड्डा पडतो. मग पुढच्या सिनेमाची संहिता लिहिताना तो काय करेल? ते वाक्य लिहिणारच नाही. पुढची दहा वर्षं तुम्हाला कधी कळणारही नाही की एक वाक्य गायब आहे, कारण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते कुणी कापलं म्हणून बोंब मारणार कोण? मग उरतो तो बिनधोक ऐवज: डरकाळ्या, लाटा, स्फोट, आणि "निसर्ग किती अद्भुत!" अशी धीरगंभीर आवाजातली निवेदनं. "कसं कळलं" हा प्रश्न धोक्याचा, कारण त्याचं उत्तर देत गेलात की खडकांचं वय येतं, डीएनए येतो आणि कुणाच्या तरी भावनांना धक्का बसतो.

आता "अमेरिकेत काय, वेडेच आहेत ते" असं म्हणून हसायच्या आधी थोडं थांबा.

जानेवारी २०१८. स्थळ औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. केंद्रातले तेव्हाचे शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमातून बदलायला हवा. हे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं, तेव्हा बरं वाटलं. पण पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून 'आणि उत्क्रांती' निघून गेलं. कारण काय दिलं? विद्यार्थ्यांवरचा भार कमी करणे! अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्तर असं की बारावीच्या जीवशास्त्रात आहेच की. आहे ना. पण दहावीनंतर जो कॉमर्सला गेला, आर्ट्सला गेला, नुसतं गणित घेऊन आपल्यासारखा इंजिनिअरिंगला गेला, त्याच्या वाट्याला तो धडा आता कधी येणार? (आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता, हे न विसरता सांगायला हवं. शाब्बास.)

दोन्ही घटना सारख्या नाहीत, मला कळतं. तिथे थिएटर, इथे पाठ्यपुस्तक. पण काढून टाकायची रीत बघा, किती सारखी! खोटं कुणीच काही सांगत नाही. फक्त खरं सांगायचं थांबवतात, आणि कारण नेहमी गोड असतं. प्रेक्षकांची आवड, विद्यार्थ्यांचा भार.

आता जरा स्वतःकडे. कारण दुसऱ्यांना शिव्या देऊन पोस्ट संपवणं सोपं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी ज्या हापिसात होतो तिथे कर्जाच्या अर्जाचं एक ॲप बनवत होतो. अर्ज नाकारला गेला की पडद्यावर कारणाची एक ओळ यायची. हप्ते थकले होते, उत्पन्न कमी पडलं, असं काहीतरी. एका सर्वेक्षणात निघालं की ती ओळ वाचून लोक नाराज होतात आणि रेटिंग पडतं. बरोबरच आहे, नकाराचं कारण वाचून कोण खूश होईल? मीटिंग झाली. ओळ काढून "क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा" आणि एक हसरं चित्र टाकायचं ठरलं. तो बदल मी केला. दहा मिनिटांचं काम. मीटिंगमध्ये हात वर करून "अहो, पण माणसाला कारण कळायला नको का?" असं मी विचारलं नाही. अप्रेझल तोंडावर होतं. रेटिंग वाढलं, सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला. काही महिन्यांनी माझ्याच मावसभावाचा फोन आला, "दादा, तुमच्या ॲपवर तीनदा अर्ज केला, तिन्हीदा नाकारला. कारण काय असेल रे?" तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसला होता, कारण पडद्यावर तसंच लिहिलं होतं. आणि ते लिहिणारा मी.

तेव्हा फोर्ट वर्थच्या त्या मार्केटिंगवाल्यांना मी राक्षस म्हणू शकत नाही. ती माझ्यासारखीच माणसं. फॉर्म बघितले, आकडे बघितले, घरी गेली. म्हणून तर भीती वाटते! सत्य दाबायला हुकूमशहाच लागतो असं नाही, ईएमआय असलेली चार सज्जन माणसं पुरतात.

पण फोर्ट वर्थची गोष्ट तिथे संपली नाही. बातमी छापून आली, लोक चिडले, बोलले, आणि संग्रहालयाने निर्णय फिरवला. सिनेमा लावला! म्हणजे ज्यांना सिनेमा हवा होता ते आधीपासून होतेच. फक्त ते गप्प होते. फॉर्मवर राग लिहिणारा जागचा उठून लिहितो, आणि ज्याला आवडलं तो पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत असतो. सर्वेक्षणात मोजला जातो तो बोलणारा. गप्प बसणाऱ्याची बाजू कितीही मोठी असली तरी तिची किंमत शून्य.

"पण पोरांना पुरावे-बिरावे कळत नाहीत रे," असं आणखी एक जण म्हणाला. या वाक्याइतकं मोठ्या माणसांच्या आळसाला साजेसं वाक्य दुसरं नसेल. "हाडं तर पांढरी असतात ना?" हा प्रश्न पुराव्याचाच आहे. तो विचारायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. विचारायचं बंद करायला मात्र आपण सगळे मिळून दहा-पंधरा वर्षं मेहनत घेतो.

बरं, गोष्टी नाहीत म्हणावं तर तेही नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. (हसा, भाचाही खूप हसला.) वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विष्ठा तपासली तेव्हा त्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. गवताचं पातं बोटाला कापतं ना, ते ज्यामुळे, तेच सिलिका. तोवर समज असा की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं आणि डायनासोरांच्या पायाखालची जमीन बदलली. खरोखरच बदलली, तिच्यावर गवत आलं! त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला विज्ञान केंद्रं डीएनएच्या दोन वाक्यांना घाबरत होती. आणि आपण ज्या सह्याद्रीत वीकांताला ट्रेकला जातो तो काळा कातळ जवळपास त्याच सुमाराच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. राजगडाच्या वाटेवर धापा टाकत आपण ज्यावर बूड टेकवतो, त्या दगडाचं वय कसं मोजलं हे सहा मजली पडद्यावर बघायला मला आवडेल. दंड आवळायला तिथेही भरपूर जागा आहे.

माझं मागणं फार नाही. डरकाळ्या ठेवा, स्फोट ठेवा, पोटातला गोळा तर ठेवाच. फक्त चाळीसातली पाच मिनिटं द्या. हे मोजलेलं, हा अंदाज, आणि हे अजून कुणालाच माहीत नाही, एवढं सांगा. आम्ही कोडमध्येसुद्धा मोजलेली किंमत आणि हाताने ठोकून दिलेली किंमत वेगळी दाखवतो. (निदान दाखवायला हवी.)

असो. थिएटरबाहेर पडताना भिंतीवर एक क्यूआर कोड होता, "तुमचा अनुभव कसा होता?" शनिवारी मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, पार्किंगची घाई. तिकिटाच्या एसएमएसमध्ये तीच लिंक सापडली. रविवारी ताईकडे जेवायला गेलो तेव्हा भाच्याला मांडीवर घेऊन फॉर्म उघडला. आवाज पाच तारे, चित्र पाच तारे, खुर्ची चार. खाली 'आणखी काही सांगायचंय का?' असा एक छोटासा चौकोन होता. मी भाच्याला विचारलं, काय लिहू? त्याने मेलॅनोसोमची गोष्ट आदल्या रात्री फोनवर ऐकली होती. थोडा विचार केला आणि म्हणाला, "लिही की रंग माहीत नसेल तर तसं सांगा. आम्ही रागावणार नाही."

तसंच लिहून पाठवलं.